आभासी समुदाय आणि आदिवासी ओळख : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगणकाच्या महाजालावर जमणाऱ्या मानवी समूहांसाठी हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड या अमेरिकी लेखकाने १९९३ साली आपल्या ग्रंथात जी संज्ञा वापरली, तिचा मराठी पर्याय म्हणून ‘आभासी समुदाय’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. हा पर्याय सोयीचा असला तरी निर्दोष नाही. मराठीत आभास म्हणजे जे दिसते पण नसते ते. मृगजळ हा आभास होय. त्यामुळे एका बाजूला खराखुरा समाज आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा भासमान समाज अशी विभागणी या शब्दातच गृहीत धरली जाते. आरंभीच्या पाश्चात्त्य अभ्यासांनीही या विभागणीस बळ दिले. शेरी टर्कल यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या विवेचनात, टोपणनावाने वावरणारी व्यक्ती पडद्यावर अनेक ‘स्व’ धारण करून पाहते, हा विचार केंद्रस्थानी होता. महानगरातील एकाकी माणसाच्या बाबतीत तो लागू पडतही असेल.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू व तलासरी या तालुक्यांत मात्र चित्र वेगळे आहे. येथील तरुण मोबाइलवरील गटात टोपणनावाने वावरत नाही. तो नावानिशी, आडनावानिशी आणि बहुधा पाड्यानिशी ओळखला जातो. गटातील निम्मी माणसे त्याने आठवडे बाजारात, लग्नात किंवा महालक्ष्मीच्या यात्रेत पाहिलेली असतात. ओळख लपवण्यासाठी नव्हे, तर असलेली ओळख दूरवर पोहोचवण्यासाठी येथे हे माध्यम वापरले जाते. अशा समाजात आभासी समुदायाचे भांडवल कोणते, तर ओळखीच्या माणसाच्या शब्दावरील भरवसा. या भरवशाने गेल्या दोन दशकांत या भूभागात काय घडवले आणि काय बिघडवले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाडा, सोयरीक आणि सीमा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक, तर डहाणू तालुक्यातील दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली ही त्यांतील सर्वांत मोठी जमात असून मल्हार कोळी, कोकणा, दुबळा, धोडी, कातकरी आदी जमातीही येथे राहतात. महसुली नोंदीत गाव हा घटक असला तरी जगण्यातला घटक पाडा हाच आहे. एका गावात विखुरलेले अनेक पाडे असतात आणि ‘कुठला?’ या प्रश्नाचे उत्तर गावाच्या नावाने नव्हे, पाड्याच्या नावाने दिले जाते.

या समाजाच्या सोयरसंबंधांनी राज्याची सीमा कधी मानली नाही. सीमेनेच त्यांच्यामधून वाट काढली. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला आणि उरलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. पूर्वेला दादरा व नगर हवेलीचा प्रदेश आहे. परिणामी वारली समाज आज दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश यांत विभागलेला आहे. एका आजोबांची नातवंडे एका बाजूला मराठी शाळेत आणि दुसऱ्या बाजूला गुजराती शाळेत शिकतात. घरात बोलली जाणारी वारली बोली दोघांना कळते, परंतु एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येतेच असे नाही.

मोबाइलवरील कुटुंबगटांनी या विभागणीवर एक अनपेक्षित उपाय शोधला. लिपी वेगळी असेल तर लिहायचेच नाही, बोलायचे. ध्वनिसंदेश हा शहरी वापरकर्त्याला पुष्कळदा आळशीपणाचा प्रकार वाटतो. सीमेवरच्या कुटुंबांसाठी तो मात्र दोन लिप्यांवरचा पूल ठरतो. लग्नाची तारीख, आजारपणाची बातमी, बाराव्याचा निरोप हे सर्व बोलीतून जाते. शाळेच्या पाठ्यपुस्तकाने आणि कचेरीच्या अर्जाने ज्या बोलीला कधी जागा दिली नाही, तिला या लहानशा यंत्राने दिली. कोणतेही धोरण नसताना हे घडले, ही बाब भाषेच्या अध्यापकांनी विचारात घ्यावी अशी आहे. लिहिण्याचा प्रसंग आलाच तर देवनागरी वा रोमन कळफलकावर ज्याला जसे सुचेल तसे वारली शब्द लिहिले जातात. त्यात शुद्ध-अशुद्ध असा निवाडा करणारा कोणी नसतो. तोच विद्यार्थी महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिकेत दोन वाक्ये लिहिताना अडखळतो.

नात्यांच्या टिकावात स्थलांतराचाही मोठा वाटा आहे. वापी, उंबरगाव आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहती, वीटभट्ट्या, मुंबईतील बांधकामे ही येथील रोजगाराची ठिकाणे. एप्रिल २०१३ पासून पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत आली आणि काहींचे स्थलांतर दैनंदिन प्रवासात बदलले. गुजरातच्या बंदरांतून निघणाऱ्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जाणाऱ्यांचे मात्र तसे नाही. ते महिनोन्‌महिने समुद्रावर असतात आणि सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानी यंत्रणेच्या ताब्यात सापडलेल्यांत या दोन तालुक्यांतील खलाशीही असतात. अशा घरी संदेशापुढे दिवसेंदिवस एकच खूण राहणे, दुसरी न उमटणे, याचा अर्थ वेगळा असतो. आपलेपणाची भावना केवळ संवादातून निर्माण होते असे मानले जाते. येथे ती गटावरील मौनातूनही जाणवते.

वारली ते आदिवासी

पाड्याची ओळख, जमातीची ओळख आणि ‘आदिवासी’ ही व्यापक ओळख या तीन गोष्टी एक नव्हेत. जुन्या पिढीला पहिल्या दोन पुरेशा होत्या. तिसरी ओळख या भागात प्रथम चळवळींतून आली. किसान सभेचा लाल बावटा, त्यानंतर भूमिसेना आणि १९७८ मध्ये स्थापन झालेली कष्टकरी संघटना यांनी जमातींच्या भिंती ओलांडून माणसे एकत्र आणली. त्या एकत्र येण्याचे केंद्र जमीन, मजुरी आणि जंगल हे होते. महाजालाने जे एकत्र आणले त्याचे केंद्र संस्कृती हे होते, आणि ते आणणारा वर्गही निराळा होता: आश्रमशाळा व वसतिगृहे यांतून शिकून अभियंता, शिक्षक वा कर्मचारी झालेला, पाड्यापासून दूर नोकरी करणारा तरुण.

‘आयुश’ म्हणजेच आदिवासी युवा शक्ती हे या वर्गाच्या प्रयत्नांचे ठळक उदाहरण होय. डहाणू परिसरातील सुशिक्षित तरुणांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाजालावरील गटांतून हे जाळे उभे केले. आरंभी तिथे काय चालत असे, तर नोकरीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीची माहिती, एकमेकांची विचारपूस. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले होते की नोकरीसारखी उपयुक्त माहिती जवळच्या आप्तांकडून नव्हे, तर दुरून ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण आप्तांना तेवढेच ठाऊक असते जेवढे आपल्याला. पाड्यात दूरच्या ओळखीचा, शिकलेला माणूस दुर्मीळ होता. गटाने तो मिळवून दिला.

या जाळ्याला खरी कसोटी लागली ती चित्राच्या प्रश्नावर. वारली चित्र मुळात लग्नविधीचा भाग आहे. गेरू वा शेणमातीने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवासिनी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी येते, आणि धवलेरी गाण्यांतून विधी पार पाडते. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी येथे कागद आणि रंग आणले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर शेतीची, शिकारीची, तारप्याच्या नाचाची चित्रे काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. दरम्यानच्या काळात ही शैली साडी, कप, भिंतीवरचा कागद, हॉटेलचा दर्शनी भाग अशी सर्वत्र पसरली आणि पसरताना तिच्यावरील पाड्याचे नाव पुसट होत गेले.

२०१० च्या दिवाळीत कोका-कोला कंपनीच्या जाहिरातीत वारली शैलीतील आकृती झळकल्या तेव्हा आयुशने त्यास आक्षेप घेतला. आक्षेपाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. चित्र वाईट काढले अशी तक्रार नव्हती. ज्यांची ही कला आहे त्या समाजाला न विचारता ती वापरली, अशी होती. अशा तक्रारीला प्रताधिकाराच्या कायद्यात बसवणे कठीण जाते. त्या कायद्याला कोणी एक रचनाकार आणि ठरावीक मुदत लागते, आणि चौकाला दोन्ही नाहीत. म्हणून भौगोलिक मानांकनाचा मार्ग निवडण्यात आला. १९९९ च्या अधिनियमानुसार ‘वारली चित्रकला’ या नावाची नोंद २०१४ मध्ये झाली व अर्जदार होता आदिवासी युवा सेवा संघ. गटावरील चर्चेतून उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांनी कायद्याच्या दप्तरात समाजाचे नाव मालक म्हणून चढवले, ही घटना आभासी या शब्दाला उत्तर म्हणून पुरेशी आहे.

तरीही या यशाचा अर्थ अधिक फुगवू नये. मानांकन नावाचे संरक्षण करते, रेषेचे नव्हे. ‘वारली’ हा शब्द न वापरता कोणी त्रिकोणी धडाची माणसे कापडावर छापली तर हा कायदा त्याला थोपवण्यास अपुरा पडतो. शिवाय नोंदीचा लाभ घेण्यासाठी प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावे लागते, आणि कागदपत्रांची ही पायरी पाड्यातल्या वयस्क चित्रकाराला जड जाते. दुसरा पेच अधिक खोल आहे. मानांकन म्हणते की चित्र समाजाचे आहे. छायाचित्रांच्या संकेतस्थळांवर मात्र चित्राखाली एका व्यक्तीचे नाव, तिचे अनुयायी आणि तिचा दूरध्वनी असतो, व गिऱ्हाईक तेथेच येते. तरुण चित्रकाराला एकाच वेळी दोन भाषांत बोलावे लागते: समाजाच्या सभेत ‘आपली कला’, विक्रीच्या पानावर ‘माझी कला’. यात ढोंग नाही. दोन निरनिराळ्या समुदायांनी त्याच्याकडून दोन निरनिराळ्या ओळखी मागितल्या आहेत.

अभिवादनाच्या शब्दातही हा विस्तार दिसतो. या भागात भेटल्यावर रामराम म्हणण्याची रीत होती. झारखंड आणि मध्य भारतातील आदिवासींमध्ये प्रचलित असलेला ‘जोहार’ येथील तरुणांच्या संदेशांत मुख्यतः महाजालावरील आदिवासी गटांच्या संपर्कातून आला आणि ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांतून तो रस्त्यावरही ऐकू येऊ लागला. (मराठीला हा शब्द नवा नाही, चोखामेळ्याच्या अभंगांतून तो पूर्वीपासून परिचित आहे, पण तेथे त्याचा सूर नम्रतेचा आहे आणि येथे स्वाभिमानाचा.) बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये राष्ट्राला ‘कल्पित समुदाय’ म्हटले ते या अर्थाने की त्यातील बहुतेक माणसे एकमेकांना कधीच भेटणार नसतात, तरी आपण एक आहोत असे त्यांना वाटते, आणि त्यामागे छापील वृत्तपत्राचा वाटा मोठा होता. डहाणूच्या तरुणाला रांचीच्या तरुणाविषयी वाटणारे आपलेपण या जातीचे आहे, फक्त वृत्तपत्राची जागा हातातील पडद्याने घेतली आहे. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ही जागा पक्की झाली.

निरोप आणि निरोप्या

येथवर भरवशाची उजळ बाजू आली. दुसरी बाजू समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ न करण्याचा निर्धार तेथे झाला. त्या काळी वर्तमानपत्र वाचणारे पाड्यात कोणी नव्हते, रस्ते नव्हते. तरी हजारो माणसे जमली, कारण निरोप पाड्यापाड्यांतून तोंडी गेला. याच यंत्रणेचा काही महिन्यांत घात करण्यात आला. गोदावरीबाई येणार आहेत, तेव्हा तलवाड्यास जमावे असा खोटा निरोप पसरवण्यात आला. लोक जमले आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी जमावावर झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या गोदावरी परुळेकरांच्या ग्रंथामुळे हा लढा मराठी वाचकास परिचित आहे. त्यातील खोट्या निरोपाकडे मात्र संदेशवहनाच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

तोंडी निरोपाला एक निरोप्या असतो. तो समोर उभा असतो, त्याला ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारता येते, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही अंदाज बांधता येतो. तरीही १९४५ मध्ये फसवणूक झाली. मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशात निरोप्या दिसतो पण निरोपाचा धनी दिसत नाही. संदेश मामाने पाठवला, म्हणून तो मामाचा वाटतो. प्रत्यक्षात तो मामाला वापीच्या कारखान्यातील सहकाऱ्याने, त्याला आणखी कोणी पाठवलेला असतो. ग्रॅनोव्हेटरने वेगळे काढलेले जवळचे आणि दूरचे संबंध एकाच गटात मिसळतात. चुलत बहिणीच्या हळदीचे छायाचित्र आणि कोणा अनामिकाने रचलेली भीती एकाखाली एक येतात व दोन्हींवर आप्ताचेच नाव असते. दूरच्या माणसाची माहिती जवळच्या माणसाच्या भरवशाने खपते.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात डहाणू तालुक्याच्या पूर्व भागात नेमके हे घडले. मुले पळवणारे, शरीराचे अवयव काढून नेणारे लोक वेष पालटून रात्री फिरत आहेत अशा अफवा व्हॉट्सॲपवरून आणि तोंडोतोंडी पसरल्या. वाहतूक बंद होती, बाजार बंद होता, बाहेरगावी असलेले आप्त अडकले होते. खरे-खोटे करण्याच्या नेहमीच्या जागा, म्हणजे आठवडे बाजार, एसटी थांबा, चहाची टपरी, या सर्व मिटलेल्या होत्या. पाड्यांवर रात्रीचे पहारे सुरू झाले. १४ एप्रिलच्या रात्री याच परिसरात एका डॉक्टरांच्या गाडीवर जमाव चालून गेला. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचले येथे, दादरा व नगर हवेलीच्या सीमेजवळ, मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने पोलिसांसमक्ष हत्या केली. त्यापूर्वी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा बळी गेला होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली. वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणण्यात आली ती ७ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे गडचिंचल्याच्या नऊ दिवस आधी. तांत्रिक मर्यादा पडद्यापुरती असते. पडद्यावर वाचलेले पाड्याच्या अंगणात मोठ्याने सांगण्यास कोणतीही मर्यादा नाही.

कृत्याचे गांभीर्य अफवेमुळे कमी होत नाही. तीन निरपराध माणसे मारली गेली आणि मारणाऱ्यांना त्यांची नावेही ठाऊक नव्हती. परंतु समाजशास्त्राच्या दृष्टीने त्यानंतर जे घडले तेही तितकेच अभ्यासण्याजोगे आहे. घटनेची चित्रफीत देशभर पसरली आणि काही दिवसांतच त्या गावाला कधीही न पाहिलेल्या लाखो लोकांनी गावाची ओळख ठरवून टाकली. कोणी घटनेला धार्मिक रंग दिला, कोणी राजकीय, कोणी संपूर्ण आदिवासी समाजाला क्रूर ठरवले. तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांच्या नावांची यादी प्रसिद्ध करून धार्मिक आरोपाचे खंडन करावे लागले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने जुलै २०२० मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रातही अफवा हेच कारण पुढे आले. तोपर्यंत गावाचे नाव एक घोषणा झाले होते. अनोळखी माणसाविषयी ऐकीव माहितीवरून निवाडा करणे ही जी चूक पाड्यावर घडली, तीच देशातील सुशिक्षित आभासी समुदायांनी पाड्याच्या बाबतीत केली. फरक इतकाच की त्यांच्या हातात काठ्या नव्हत्या.

बोलण्याचा अधिकार

पारंपरिक वारली समाजात कोणत्या विषयावर कोणी बोलावे हे ठरलेले असे. आजार व देवकार्य यांत भगत, लग्नात धवलेरी, तंट्यात जाणती माणसे. मोबाइलवरील गटात हे स्थान अ‍ॅडमिनकडे आले. तो बहुधा पंचवीस-तीस वर्षांचा, शिकलेला पुरुष असतो. कोणाला आत घ्यावे, कोणाला काढावे, कोणता वाद थांबवावा हे तो ठरवतो. त्याच्या जबाबदारीची सीमा कायद्यानेही मर्यादित ठेवली आहे. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याखेरीज, अ‍ॅडमिनला दोषी धरता येणार नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच होय. गावाच्या दृष्टीने मात्र असे झाले की अधिकार आहे आणि उत्तरदायित्व नाही असे एक पद निर्माण झाले. जाणत्या माणसाचा निवाडा चुकला तर त्याला त्याच पाड्यात तोंड दाखवावे लागे.

स्त्रियांचे स्थान या बदलात विशेष अवघड झाले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार, स्वतः वापरत असलेला मोबाइल असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होते. डोंगराळ आदिवासी भागात घरातील एकच स्मार्टफोन मुलाच्या वा नवऱ्याच्या हाती असणे ही नित्याची गोष्ट आहे. चौक लिहिणे हे सवासिनींचे काम होते. कागदावर आल्यानंतर चित्रकार म्हणून पुरुषांची नावे पुढे आली. पडद्यावर आल्यानंतर त्याविषयी बोलणारेही बहुतांशी पुरुषच आहेत. आदिवासी संस्कृतीच्या अभिमानाचे जे लेखन गटांवर फिरते, त्यात धवलेरीचा उल्लेख आदराने होतो, पण तिचा स्वतःचा आवाज त्यात क्वचितच असतो.

अपवाद आहेत आणि ते आशादायक आहेत. लग्नात धवलेरी गात असताना तरुण मुली ते फोनवर ध्वनिमुद्रित करतात, सीमेपलीकडच्या आत्याला पाठवतात, आणि ‘आमच्याकडे हे असे म्हणत नाहीत’ असे उत्तर आत्याच्या आवाजात परत येते. दोन पाठांतील फरकाची ही नोंद एखाद्या लोकसाहित्याच्या संशोधकाने केली असती तर तिला क्षेत्रकार्य म्हटले गेले असते. अशा नोंदी कोठे राहतात हा मात्र वेगळा प्रश्न आहे. ज्या ऑर्कुटवर देशातील तरुणांच्या पहिल्या पिढीने आपले समुदाय बांधले ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहूचे गट १५ डिसेंबर २०२० रोजी संपले. त्यांवरील संभाषणे, ओळखी, पहिल्या चर्चा, ज्यांनी ती वेळेत उतरवून घेतली नाहीत त्यांच्यापुरती नाहीशी झाली. फोन हरवला, साठवण भरली की धवलेरीचे गाणे पुसून हळदीच्या चित्रफितीला जागा केली जाते. तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरी शामराव परुळेकरांचे नाव आहे. डहाणूतही महाविद्यालये आहेत, ग्रंथालये आहेत, त्यांत संगणक आहेत. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या फोनमध्ये तिच्या आजीचा आवाज आहे. तो उतरवून घ्यायचा, त्यावर गाणारीचे नाव, पाडा आणि तारीख लिहायची, आणि कोणी ऐकावे याची परवानगी तिच्या आजीलाच विचारायची, एवढे काम एका सत्रात होण्यासारखे आहे.